‘व्हीआय’ संपादकाची दुर्बोधता : कारणे व अध्यापनविषयक विचार

आज्ञावली लिहिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मजकूर-संपादकांपैकी ‘व्हीआय’ हा नवशिक्यांची वाट अडविणारा म्हणून प्रसिद्ध आहे. तयार फाइल उघडून विद्यार्थी टंकलेखन सुरू करतो, तो अक्षरे उमटण्याऐवजी ओळीच नाहीशा होतात. बाहेर पडण्याचा मार्गही पडद्यावर लिहिलेला नसतो.

याचे मूळ ‘अवस्था’ या संकल्पनेत आहे. लेखन-अवस्थेत ‘डी’ ही कळ अक्षर उमटविते, आज्ञा-अवस्थेत तीच मजकूर पुसण्याची क्रिया सुरू करते. झेरॉक्स पार्क येथे लॅरी टेस्लर यांनी १९७० च्या दशकात अवस्थाविरहित संपादनाचा पुरस्कार केला. आजचे बहुतेक संपादक त्याच वाटेने गेले. बिल जॉय यांनी बर्कले येथे १९७६ च्या सुमारास ‘व्हीआय’ लिहिला, तेव्हा परिस्थिती निराळी होती. त्यांचा मोडेम ३०० बॉडचा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३० अक्षरे पाठविणारा होता. ऐंशी अक्षरांच्या चोवीस ओळी भरण्यास त्याला मिनिटाहून अधिक वेळ लागे. सूचना दाखविणे ही तेथे चैनच ठरली असती! ‘एच, जे, के, एल’ या कळांनी सरकण्याची पद्धतही लहरीची नव्हे. एडीएम-३ए या टर्मिनलवर बाणांची चिन्हे याच कळांवर छापलेली होती.

तथापि या आज्ञांना व्याकरण आहे, ही बाब अध्यापनात सहसा उपेक्षित राहते. ‘डी’ हे क्रियापद, ‘डब्ल्यू’ म्हणजे शब्द. ‘३डीडब्ल्यू’ म्हणजे तीन शब्द पुसणे. चार क्रियापदे व दहा गती आत्मसात केल्यास चाळीस आज्ञा हाती येतात. सुटी यादी पाठ करून घेणे हे, माझ्या मते, अध्यापनाचेच वैगुण्य होय.

मराठी मजकुरात आणखी एक अडचण उद्भवते. इन्स्क्रिप्ट कळफलक चालू असता ‘डी’ कळ हलन्तचिन्ह पाठविते, आणि आज्ञा निष्फळ ठरते. ब्रॅम मूलेनार यांच्या ‘व्हिम’मध्ये ‘कीमॅप’ या पर्यायाने देवनागरी केवळ लेखन-अवस्थेपुरती ठेवता येते.

प्रात्यक्षिक परीक्षेत संपादकाविषयीचे अज्ञान हे आज्ञावलीचे अज्ञान म्हणून गणले जाण्याचा धोका असतो. म्हणून पहिल्या सत्रात, तळाशी आज्ञा दर्शविणारा ‘नॅनो’ द्यावा. ‘व्हिमट्यूटर’ हा अर्ध्या तासाचा पाठ दुसऱ्या सत्रात, गुणांविना, करवून घेता येईल.