उसाचे बिल आणि घरची घडी



आडसाली ऊस १६ ते १८ महिने रानात उभा असतो. बिल मात्र आठ दिवसांत उडते. शिवारात फिरताना आम्ही हे नेहमी पाहतो. लग्नात मानपान झोकात, अन् खोडव्याच्या खताला उधारी! २०१५ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यात विहिरींनी तळ गाठला. तेव्हा ज्याच्या गाठीला चार पैसे होते, त्याला दावणीची जनावरे विकावी लागली नाहीत. म्हणून सोसायटीची कपात होऊन जे हाती येईल, त्यातून आधी खोडव्याचे खत, मग पोरांची फी, मग अडीनडीची शिल्लक, हौस शेवटी. शेजाऱ्याचे उसने त्याने मागण्याआधी द्या. ऊस तोडला तरी खोडवा फुटतो. पत एकदा तुटली की फुटत नाही.