उंची आणि दिशा दिली की भागलं?

बंदर असो वा धूपप्रतिबंधक बंधारा, किनाऱ्याजवळच्या लाटांचं मॉडेल चालवायचं तर खोल समुद्राकडच्या सीमेवरून कोणत्या लाटा आत येतात, हे आपणच सांगायचं असतं. गोंधळ होतो तो इथेच.

'लाटेची उंची, कालावधी आणि दिशा दिली की भागलं' हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. गोव्यातली एप्रिलची दुपार घ्या. दक्षिणेकडच्या महासागरातल्या वादळांनी उठवलेल्या, हजारो किलोमीटर कापून आलेल्या 12 ते 14 सेकंदांच्या स्वेल लाटा नैर्ऋत्येकडून येत असतात. त्याच वेळी खारे वारे वायव्येकडून 4-5 सेकंदांच्या आखूड लाटा उठवतात. दोन्हींची सरासरी काढून 'पश्चिम, 9 सेकंद' असं भरलं, तर त्या दिवशी समुद्रात नसलेलीच लाट मॉडेलमध्ये शिरते. उंचीचीही सरळ बेरीज होत नाही, कारण बेरीज ऊर्जेची होते: एक मीटर आणि एक मीटर मिळून साधारण 1.4 मीटर. म्हणून शक्य तिथे पूर्ण वर्णपट द्यावा, म्हणजे कोणत्या दिशेने कोणत्या कालावधीची किती ऊर्जा येते याचा तक्ताच.

दुसरा गैरसमज: '20 मीटर म्हणजे खोल पाणी.' कोणासाठी? 5 सेकंदांच्या लाटेची लांबी 39 मीटर. तिला लांबीच्या निम्मी खोली पुरते. 14 सेकंदांची लाट 306 मीटर लांब, तिला तळ दीडशे मीटरवरच जाणवू लागतो. मुंबईसमोर एवढं पाणी किनाऱ्यापासून फार लांब आहे. जागतिक मॉडेलमधले खोल पाण्यातले आकडे उचलून 20 मीटरवर चिकटवले, तर मधल्या वाटेवर लाट वळली-मोडली, ते सगळं हिशेबातून सुटतं. आधी मॉडेलची मोठी जाळी, तिच्यात बारीक जाळी, हाच खरा मार्ग.

बाजूच्या सीमा रिकाम्या सोडल्या, तर डेल्फ्ट विद्यापीठाचं 'स्वॅन' हे लाटांचं मॉडेल तिथून लाट येतच नाही असं धरतं. त्या सीमांच्या कोपऱ्यांतून आत त्रिकोणी खोटी सावली पडते. आपली जागा तिच्या बाहेर ठेवायची, एवढंच.

आणि दिशा! ERA5 सारख्या माहितीसाठ्यात 225 अंश म्हणजे नैर्ऋत्येकडून येणारी लाट. 'स्वॅन'मध्ये वेगळं सांगितलं नाही, तर 225 म्हणजे नैर्ऋत्येकडे जाणारी, आणि मग कोकणपट्टीवर ऐन पावसाळ्यात समुद्र शांत दिसतो. सीमेवर दिलेली आणि निघालेली उंची जुळत नसेल, तर 'स्वॅन' तसा इशारा एका फाइलमध्ये छापतं. रंगीत नकाशे उघडण्याआधी ती फाइल वाचावी.