कर्तव्यभूमितीच्या तासाला नसरीन

शासकीय रेखाकला परीक्षा जवळ आली की लातूर-नांदेडकडच्या शाळांतला चित्रकलेचा तास गजबजतो. एलिमेंटरी-इंटरमीजिएटची मुलं स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हौसेनं करतात. कर्तव्यभूमितीचा पेपर मात्र बहुतेकांना नकोसा वाटतो. गुण्या आणि कंपास काढायचा, दिलेल्या मापाचा षटकोन आखायचा, रचनेच्या रेघा फिकट ठेवायच्या, उत्तराच्या गडद करायच्या आणि मोकळं व्हायचं. ‘सर, यात चित्र कुठंय?’ हा प्रश्न मी कलाशिक्षक म्हणून वर्षानुवर्षं ऐकत आलोय. त्याचं उत्तर म्हणून आता मी फळ्याशेजारी चित्रकार नसरीन मोहम्मदी यांच्या रेखाटनांच्या प्रती लावतो.

नसरीन यांचा जन्म १९३७चा, कराचीतला. त्या लहान असतानाच कुटुंब मुंबईला आलं. लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये आणि पुढं पॅरिसमध्ये त्या शिकल्या. मुंबईत भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये काम करताना त्यांना नागपूरला जन्मलेल्या चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा सहवास लाभला. १९७२ पासून त्यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात चित्रकला शिकवली. १९९० साली अलिबागजवळच्या किहीम इथं त्यांचं निधन झालं, तेव्हा त्यांनी पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. सत्तरच्या दशकापासून त्यांच्या कामात उरला होता तो कागद, पेन्सिल आणि काळी शाई. माणूस नाही, झाड नाही, रंगही नाही. अवजारं ड्राफ्ट्समनची, म्हणजे जवळजवळ माझ्या वर्गातल्या मुलांच्या दप्तरातलीच.

नसरीन यांच्या चित्रातली एक रेघ ओढायला काय लागतं, हे मुलांना सांगून कळत नाही. म्हणून मी कपाटातलं जुनं रूलिंग पेन बाहेर काढतो. पोलादाची दोन पाती, त्यांना जोडणारा एक बारीक स्क्रू. स्क्रू आवळला की रेघ बारीक, सैल केला की जाड. हे पेन दौतीत बुडवायचं नसतं. ड्रॉपरनं दोन पात्यांच्या मध्ये शाईचा थेंब सोडायचा, आणि बाहेरच्या बाजूला लागलेली शाई फडक्यानं पुसून घ्यायची. बाहेर जरा जरी शाई राहिली तरी ती पट्टीखाली शिरते आणि कागद वाया जातो. ते टाळण्यासाठी पट्टीच्या खालच्या बाजूला कागदाचा पट्टा चिकटवून पट्टीची कड किंचित वर उचलून घ्यायची. पेन जवळजवळ उभं, किंचित उजवीकडं कललेलं. मग डावीकडून उजवीकडं एकाच वेगानं जायचं. मध्ये थांबलं तर तिथं शाईचा ठिपका साचतो. घाई केली तर रेघ तुटते. हात टेबलावर दाबून धरला तर तो अडतो. म्हणून मनगट नाही, खांद्यापासूनचा सगळा हात सरकवावा लागतो. आमच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात तर चार-पाच रेघांतच पात्यांमधली शाई सुकते. पेन पुसायचं, पुन्हा भरायचं, आणि पुढची रेघ मागच्या रेघेइतकीच जाड आहे ना, ते रद्दी कागदावर बघूनच मूळ कागदाकडं वळायचं.

इतकं सगळं करून हाती येते ती एक रेघ. नसरीन यांच्या एका रेखाटनात अशा रेघा खच्चून भरलेल्या असतात.

पण नुसत्या रेघा भरून भागत नाही, खरं काम आहे ते दोन रेघांमधल्या अंतराचं. आठवीच्या मुलांना मी हाच एक स्वाध्याय देतो. ड्रॉइंगच्या कागदावर आडव्या समांतर रेघा काढायच्या. पहिल्यांदा सगळ्यांत सारखं अंतर ठेवायचं. मग दुसऱ्या कागदावर ते अंतर खालून वर हळूहळू कमी करत न्यायचं. पहिला कागद सपाट राखाडी दिसतो. दुसरा मागं झुकतो, जमीन क्षितिजाकडं सरकत गेल्यासारखा. त्यात काही रेघा शाईच्या, काही पेन्सिलीच्या केल्या की पेन्सिलीच्या मागं जातात, शाईच्या पुढं येतात. खोली तयार होते, आणि तीही एकही सावली न भरता. नसरीन यांच्या सत्तरच्या दशकातल्या जाळीसारख्या रेखाटनांमध्ये हेच घडतं. पुढं त्यांनी जाळीही सोडली. शेवटच्या काळातल्या चित्रांत मोकळ्या कागदावर काही तिरप्या रेघा आणि त्रिकोण तरंगत राहतात, बस्स.

हा स्वाध्याय चालू असताना औसा तालुक्यातून येणारी एक मुलगी म्हणाली, ‘सर, आमची आजी वाकळ शिवताना असंच बोटानं मोजती.’ मी तिच्या घरी जाऊन बघितलं. आजीबाईंनी जुन्या लुगड्यांचे थर अंगणात पसरले होते. चारी कडांना काठाची पट्टी होती, आणि धावदोरा कडेनं सुरू होऊन चौकोनाच्या आत चौकोन करत मध्याकडं चालला होता. प्रत्येक ओळ मागच्या ओळीपासून बोटभर अंतरावर. पट्टी नाही, खूणही नाही. कोपरा आला की त्या सुई थांबवून कापड हातानं सारखं करून घेत, मगच वळत. याला कुणी घाईनं मिनिमलिझम, म्हणजे कमीत कमी खुणांची कला, म्हणू नये. वाकळ अंगावर घ्यायची असते, ठिगळांनी भरलेली असते; नसरीन यांनी तर कागद रिकामा करत नेला. पण दोन ओळींतलं अंतर हातानं सांभाळायचं, आणि शेवटपर्यंत सांभाळायचं, ही शिस्त दोघींकडं आहे. त्या मुलीला नसरीन यांची चित्रं वर्गात सगळ्यांच्या आधी उमगली, याचं मला नवल वाटलं नाही.

नसरीन यांच्या बाबतीत ही शिस्त किती अवघड होती, हे मुलांना सांगावंच लागतं. हालचालींवरचा ताबा हळूहळू काढून घेणारा मज्जासंस्थेचा आजार त्यांना होता. शरीर ऐकेनासं होत गेलं, तरी त्या काढत राहिल्या, आणि कागदावरची रेघ थरथरली नाही. ड्राफ्टिंगची अवजारं असली तरी ती चालवणारा हात त्यांचाच होता.

असं असूनही हयातीत त्यांच्या कामाची फार चर्चा झाली नाही. चित्रांना त्यांनी शीर्षकं दिली नाहीत, बहुतेकांवर तारीखही घातली नाही. त्याच काळात भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख यांच्यासारख्यांमुळं बडोदा माणसांची, गोष्टी सांगणारी चित्रं काढणारं गाव म्हणून गाजत होतं. त्यात कसलीच गोष्ट न सांगणाऱ्या या काळ्या रेघांकडं लक्ष कुणाचं जाणार? त्या छायाचित्रंही काढत; ती तर त्यांच्या हयातीत कधी प्रदर्शनात लागलीच नाहीत. जगाचं लक्ष गेलं ते त्यांच्या मृत्यूनंतर. २००७ साली जर्मनीतल्या कासेल इथल्या ‘डॉक्युमेंटा’त त्यांची चित्रं होती, २०१३ साली दिल्लीच्या किरण नाडर संग्रहालयात मोठं प्रदर्शन झालं, आणि २०१६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं मेट ब्रॉयर ही नवी शाखा उघडली, तेव्हा सुरुवातीच्या प्रदर्शनांत एक नसरीन यांचं होतं. तिथले समीक्षक त्यांना अमेरिकेच्या चित्रकार ॲग्नेस मार्टिनशेजारी बसवतात. आमच्या मुलांना मात्र त्यांचं नावही माहीत नसतं.

वर्गाबाहेरही भूमिती बघायला मिळेल अशा जागा आपल्याकडं कमी नाहीत. लातूरच्या गंजगोलाईत वर्तुळाकार इमारतीभोवती १६ रस्ते येऊन मिळतात. १९१७ साली बांधलेल्या या चौकाचा आराखडा फैयाजुद्दीन यांचा. नांदेड जिल्ह्यात देगलूरजवळच्या होट्टलला चालुक्यकालीन मंदिरं आहेत. त्यांच्या भिंतींचे कोन आणि पडणाऱ्या सावल्या मुलांनी तिथं बसून काढाव्यात अशा आहेत. कर्तव्यभूमिती षटकोनावर संपत नाही, हे या ठिकाणी शिक्षकाला वेगळं सांगावं लागत नाही.

लातूर आणि नांदेडच्या कलाशिक्षकांना माझी विनंती आहे. यंदा कर्तव्यभूमितीचा पहिला तास नसरीन मोहम्मदी यांच्या एका रेखाटनानं सुरू करा. मोबाइलवर दाखवू नका. लहान पडद्यावर त्या बारीक रेघा एकमेकींत मिसळतात. मोठी प्रत छापून घ्या, भिंतीवर लावा, मुलांना जवळ जाऊन बघू द्या, आणि त्यानंतरच त्यांच्या हातात गुण्या द्या.