एकाच खेळीत दोन चुका झाल्या, तर बेसबॉलचा अंपायर काय करतो?

२६ ऑक्टोबर २०१३. सेंट लुईसमध्ये वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना, नववी इनिंग, ४-४ अशी बरोबरी. बोस्टन रेड सॉक्सच्या कॅचरने तिसऱ्या बेसकडे फेकलेला चेंडू भरकटला. कार्डिनल्सचा ॲलन क्रेग उठून होमकडे निघाला आणि जमिनीवर पडलेल्या विल मिडलब्रुक्स या क्षेत्ररक्षकाला अडखळला. होम प्लेटपाशी त्याला चेंडूने टॅगही केलं गेलं. तरीही तो सेफ ठरला आणि सामना तिथेच संपला. तिसऱ्या बेसवरचे अंपायर जिम जॉयस यांनी अडथळ्याची खूण आधीच केली होती.

मग खेळ तेव्हाच का थांबवला नाही? कारण त्या क्षणी क्रेगला बाद करण्याचा प्रयत्न चालू नव्हता. अशा वेळी चेंडू जिवंत राहतो. अंपायर चूक लक्षात ठेवतो आणि खेळी संपल्यावर, अडथळा नसता तर रनर कुठे पोहोचला असता, ते ठरवतो.

दोन चुका झाल्या की हाच प्रश्न आधी येतो: पहिल्या चुकीने चेंडू डेड झाला का? रनरने क्षेत्ररक्षकाच्या कामात अडथळा आणला, तर चेंडू सहसा लगेच डेड होतो आणि तो रनर बाद होतो. त्यानंतर कुणी कितीही बेस पळाला तरी उपयोग नाही.

क्रिकेटमध्ये चेंडू नो-बॉलही असेल आणि वाइडही, तर नो-बॉल धरला जातो. बेसबॉलमध्ये इतकं सरळ उत्तर नाही. कधी दोन्ही दंड लागतात. समजा, तिसऱ्या बेसवरचा रनर धाव घ्यायला होमकडे सुटलाय आणि कॅचरने चेंडू हातात नसताना पुढे येऊन बॅट्समनची बॅट अडवली. बॅट्समनला पहिला बेस मिळतो, शिवाय पिचरवर बॉक, म्हणजे नियमबाह्य हालचालीचा ठपका येतो आणि रनरची धाव मोजली जाते. चूक कॅचरची, नाव पिचरचं!

इन्फिल्ड फ्लायमध्ये उलट. सोप्या उंच झेलासाठी बॅट्समन आधीच बाद जाहीर झालेला असतो. त्यात रनरने अडथळा आणला, तर चेंडू फेअर की फाउल हे कळेपर्यंत अंपायर थांबतो. फेअर असेल तर दोघेही बाद. फाउल असेल तर फक्त रनर बाद, बॅट्समन पुन्हा खेळतो.

आणि कधी चूक चक्क विसरली जाते. मेजर लीगमध्ये पिचरने बॉक करूनही चेंडू टाकला आणि बॅट्समनसह सगळे रनर किमान एक बेस पुढे गेले, तर खेळी जशीच्या तशी कायम राहते.