नर्मदेकाठची एकमेव कवटी

मध्य प्रदेशातील सिहोर जिल्ह्यात नर्मदेच्या तीरावर हथनोरा नावाचे गाव आहे. तेथे डिसेंबर १९८२मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना गोट्यांच्या घट्ट थरात एक अश्मीभूत मानवी कवटी सापडली. तिची उजवी बाजू बरीचशी शाबूत होती. जबडा व दात मात्र नव्हते. या शोधाचे मोल मोठे. आदिमानवाची दगडी हत्यारे भारतात विपुल मिळतात. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनीही नर्मदेच्या खोऱ्यात संशोधन केले होते. पण ती हत्यारे घडविणाऱ्यांची हाडे जवळजवळ मिळतच नाहीत.

अशा हाडांवरून माणसाचा इतिहास उलगडणारे शास्त्र म्हणजे जैविक मानवशास्त्र. माणूस आजच्या माकडापासून झाला, हा समज ते मानत नाही. चिंपांझी आणि आपण, दोघांचा पूर्वज एकच होता. सुमारे साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी वाटा वेगळ्या झाल्या. चिंपांझीच्या मेंदूचे आकारमान सुमारे ४०० घनसेंटिमीटर, तर आपले सरासरी १,३५०च्या आसपास. मधले टप्पे कवट्यांवरूनच कळतात.

हथनोराच्या कवटीवर भुवयांचा उंचवटा ठळक आहे. त्यामुळे सोनकिया यांनी तिला 'होमो इरेक्टस' म्हणजे ताठ चालणाऱ्या प्राचीन मानवाच्या गटात बसविले. १९९१मध्ये अमेरिकी मानवशास्त्रज्ञ केनेथ केनेडी यांनी सोनकिया व अन्य सहकाऱ्यांसह तिची पुन्हा मोजमापे घेतली. मेंदूचे आकारमान ११५५ ते १४२१ घनसेंटिमीटर भरले. इरेक्टससाठी हे जास्तच. निष्कर्ष बदलला आणि ती 'होमो सेपियन्स'च्या एका पुरातन रूपाची ठरली. मूळ संशोधकानेच आपले मत बदलणाऱ्या निबंधावर सही करावी, हे आपल्याकडे विरळाच! 'नर्मदा मानव' म्हणून गाजलेली ही कवटी काही अभ्यासकांच्या मते एका स्त्रीची आहे, हीही गंमतच.

वाद मात्र संपलेला नाही. एकाच कवटीवरून व्यक्तीचे वैशिष्ट्य कोणते आणि जातीचे कोणते, हे ठरविणे अवघड असते. सायबेरियातील डेनिसोवा गुहेतल्या बोटाच्या इवल्याशा हाडातील डीएनएवरून २०१०मध्ये मानवाचा एक अज्ञात गट उजेडात आला. परंतु ती जागा थंड होती. उष्ण प्रदेशात डीएनए लवकर नष्ट होतो. हथनोरा परिसरात पुढे अनेक राम सांख्यायन यांना खांद्याला छातीशी जोडणारे हाडही मिळाले. त्यावरून ठेंगण्या बांध्याच्या मानवाची शक्यता त्यांनी मांडली. कवटी आणि हे हाड एकाच जातीचे आहे का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.