महायुद्धाची समाप्ति आणि महाराष्ट्राचा वाटा

पहिल्या महायुद्धाची समाप्ति म्हटली म्हणजे ता. ११ नोव्हेंबर १९१८ हा दिवस डोळ्यांसमोर येतो. त्या दिवशीं सकाळीं ११ वाजतां फ्रान्समधील रणांगणावर तोफा बंद झाल्या, आणि पुढें दरसाल त्याच घटकेस मृतांच्या स्मरणार्थ दोन मिनिटें स्तब्ध राहण्याचा प्रघात पडला. परंतु महाराष्ट्रांतील ज्या घरांतून माणसें लढाईवर गेलीं होतीं, त्यांपैकीं पुष्कळांच्या दृष्टीनें हें युद्ध अकरा दिवस आधींच थांबलें होतें. मराठी शिपायाची गांठ मुख्यत: जर्मनांशीं नव्हे, तर तुर्कांशीं पडली होती; आणि तुर्कस्थानाशीं युद्धतहकुबीचा करार मुद्रोस बंदरांत ता. ३० ऑक्टोबर रोजीं होऊन दुसऱ्या दिवशीं दुपारीं १२ वाजतां तो अंमलांत आला.

असें कां झालें, हें कळण्यासाठीं मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेकडे वळलें पाहिजे. ही मोहीम आरंभीं हिंदुस्थान सरकारनें आपल्या देखरेखीखालीं चालविली. इराणांतील अबादान येथील तेलाचे कारखाने सुरक्षित राखणें आणि आखातांत वर्चस्व टिकविणें, हे तिचे पहिले हेतु. त्या कामीं पुण्याची सहावी डिव्हिजन पाठविण्यांत आली. ता. ६ नोव्हेंबर १९१४ रोजीं फाव येथें जी पहिली तुकडी किनाऱ्यावर उतरली, तींत ११७ वी मराठा पलटण होती. मागाहून १०३ वी व ११० वी या मराठा पलटणीहि तेथें दाखल झाल्या. नांव मराठा असलें, तरी या पलटणींतून दख्खनी मुसलमानहि खांद्याला खांदा लावून उभे होते.

वर्षभर ही फौज टायग्रिस नदीच्या कांठानें बगदादकडे सरकत गेली. ता. २२ नोव्हेंबर १९१५ रोजीं टेसिफोन येथें घनघोर लढाई होऊन तिला माघार घ्यावी लागली, आणि ता. ७ डिसेंबरपासून ती कुट या गांवीं तुर्कांच्या वेढ्यांत सांपडली. वेढा जवळजवळ पांच महिने टिकला. बाहेरून मदतीस निघालेल्या फौजेला तो फोडतां आला नाहीं. दाणागोटा संपत आला, तेव्हां घोडे मारून त्यांचें मांस वांटण्यास सुरुवात झाली. हिंदु व मुसलमान शिपायांनीं तें प्रथम नाकारलें. अखेर उपासमारीनें अंगांत त्राण उरलें नाहीं, तेव्हां बहुतेकांना तें पत्करावें लागलें. ज्याच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या पंढरीची वारी चालत आली, अशा शिपायाला तो पहिला घांस किती जड गेला असेल! ता. २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें तेरा हजार माणसें शरण गेलीं. त्यांना वाळवंटांतून पायीं नेण्यांत आलें, पुष्कळांना लोहमार्गाच्या कामावर जुंपण्यांत आलें, आणि त्यांतील कित्येक परत आले नाहींत.

मोडलेल्या पलटणी नव्या भरतीनें पुन्हां उभारण्यांत आल्या. मार्च १९१७ मध्यें बगदाद पडलें. ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस शर्कात येथें झालेल्या शेवटच्या लढाईंत ११४ व्या मराठा पलटणीनें मोठा लौकिक मिळविला. तेथील तुर्की सेना शरण आली आणि लागलीच तहकुबी झाली. १९२१ सालीं ११७ व्या पलटणीस ‘रॉयल’ ही पदवी मिळाली, आणि १९२२ च्या पुनर्रचनेंत मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्यें एकत्र आल्या. आजची मराठा लाइट इन्फन्ट्री ती हीच.

सर्वांच्या वाट्याला असा मान आला नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लढवय्या जातीं’ची कल्पना पुढें करून सरकारनें महारांची सैन्यभरती बंद केली होती. ती पुन्हां सुरू व्हावी म्हणून शिवराम जानबा कांबळे यांनीं १९१० सालीं विलायत सरकारकडे अर्ज धाडला. जें अर्जानें झालें नाहीं, तें युद्धाच्या गरजेनें झालें. १९१७ च्या जूनमध्यें १११ वी महार पलटण उभी राहिली. पण युद्ध संपलें, गरज संपली, आणि १९२१ सालीं ती पलटण मोडण्यांत आली. तो दरवाजा पुन्हां उघडण्यास दुसरें महायुद्ध यावें लागलें. १९४१ सालीं बेळगांव येथें महार रेजिमेंट स्थापन झाली.

समुद्रावरील वाटा तर बहुधा विस्मरणांतच गेला आहे. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर डेकवरील कामाला रत्नागिरीकडील खलाशी असत, आणि स्वयंपाकाच्या व वाढपाच्या कामाला गोमंतकीय असत. त्यांच्या हातीं बंदूक नव्हती. परंतु पाणबुडीचा टॉर्पेडो सारंग आणि शिपाई असा भेद करीत नसे. मुंबईंत मस्जिद बंदर भागांतील खलाशांच्या वसतिगृहांत, समुद्रावांचून दुसरी समाधि न लाभलेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचें स्मारक आहे.

आणि घरीं काय स्थिति होती? तहकुबीची वार्ता आली, तेव्हां महाराष्ट्र उत्सव करण्याच्या मन:स्थितींत नव्हता. १९१८ चा पाऊस फसला होता, धान्य महागलें होतें, आणि इन्फ्ल्युएन्झाच्या साथीनें कहर मांडला होता. मुंबई शहरांत ता. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशीं ७६८ मृत्यूंची नोंद झाली. मुंबई इलाख्यांत या साथीनें दहा लाखांहून अधिक माणसें नेलीं. रणांगणावरून सुखरूप परतलेल्या शिपायाला घरचें माणूस भेटेलच, याचा भरंवसा राहिला नव्हता.

या सर्वांचें स्मरण कसें राहिलें? त्या युद्धांत सुमारें ७४ हजार हिंदी सैनिक कामास आले. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून थोडीं अधिक नांवें कोरलेलीं आहेत. बसऱ्याचें मोठें स्मारक १९२९ सालीं उभें राहिलें आणि १९९७ सालीं तें तेथून हलविण्यांत आलें. त्यावर गोऱ्या शिपायांचीं नांवें आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचींहि आहेत. साध्या हिंदी शिपायाचें नांव मात्र नाहीं. त्याच्या पलटणीखालीं मृतांचा नुसता आंकडा आहे. नांवें नोंदवहींत राहिलीं. हा भेदभाव अन्यायाचा होता, हें कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननें २०२१ सालीं मान्य केलें आणि त्याबद्दल क्षमा मागितली.

अशीच रीत घराजवळहि दिसते. सातारा, रत्नागिरी या जिल्ह्यांतील कित्येक गांवांतून त्या काळीं बसविलेली संगमरवरी पाटी आढळते. गांवांतून किती माणसें लढाईवर गेलीं आणि किती मेलीं, एवढेंच तिच्यावर असतें. साताऱ्याजवळील अपशिंगे या एका गांवचे ४६ शिपाई त्या युद्धांत पडले.

हें युद्ध साम्राज्याचें होतें. तें कोठें व कशासाठीं लढावें, हें ठरविण्यांत मराठी शिपायाचा हात नव्हता. लोकमान्य टिळकांनीं सैन्यभरतीला विरोध केला नाहीं. पण हिंदी तरुणाला सैन्यांत अधिकाराच्या जागा मिळाव्यात आणि देशाला स्वराज्याचे हक्क मिळावेत, असा त्यांचा आग्रह होता. युद्ध संपल्यावर चारच महिन्यांनीं, मार्च १९१९ मध्यें, देशाच्या पदरांत पडला तो रौलट कायदा! म्हणून या मृतांचें स्मरण म्हणजे साम्राज्याचा गौरव नव्हे. ज्यांना जिवंतपणीं हुकूम मिळाला आणि मेल्यावर आंकडा मिळाला, त्यांना त्यांचें नांव परत देणें एवढाच त्याचा अर्थ आहे.

तें काम केवळ सरकारचें नाहीं. शहरांत स्थायिक झालेल्या कितीतरी कुटुंबांचें मूळ गांव घाटावर किंवा कोंकणांत आहे. गांवीं जाणें झालें म्हणजे चावडीवरील किंवा वेशींतील ती पाटी शोधावी, जुन्या पेटींतील पेन्शनचे कागद व पदकें पाहावीं, वृद्ध माणसांना विचारावें, आणि दगडावर केवळ संख्या असेल तेथें वहींत नांवें उतरून ठेवावीं. दोन मिनिटांच्या स्तब्धतेंत मनांत आणण्यास निदान एक तरी नांव असावें.