क्वीन्सटाऊन : साहसी खेळांचा बाजार आणि त्यातील जेवण

पायाला रबराची दोरी बांधून पुलावरून नदीच्या दिशेने उडी मारायची आणि या उडीसाठी पदरचे पैसे मोजायचे, असा धंदा काढतो म्हणून आपल्या बाजारपेठेतील एखाद्या जुन्या शेठजींना सांगितले तर ते आपल्याला वेड्यात काढतील. परंतु न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील क्वीन्सटाऊन हे शहर अशाच धंद्यावर पोसले गेले आहे. हे शहर ज्या जिल्ह्यात येते त्या सबंध जिल्ह्याची वस्ती २०२३ च्या जनगणनेत सुमारे ४८ हजार भरली. म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम तालुक्याहूनही कमी. तरीही जगभरातून दरवर्षी लाखो प्रवासी येथे येतात. हा खेळ जायज की नाजायज, जिवाला किती धोका पत्करावा, हा उलेमांचा प्रांत आहे, त्यात आम्ही शिरत नाही. या पानाचा विषय व्यापार हा आहे, आणि व्यापाराच्या दृष्टीने या शहराकडून आपल्या दुकानदारांना व कारागिरांना घेण्यासारखे पुष्कळ आहे.

शहर वाकाटिपू नावाच्या लांबच लांब तलावाच्या काठी आहे. हा तलाव सुमारे ८० किलोमीटर लांबीचा असून भोवती रिमार्केबल्स नावाच्या उभ्या डोंगरांची रांग आहे. १८६२ साली येथील शॉटओव्हर नदीत सोने सापडले आणि माळावर तंबूंचे गाव उभे राहिले. सोने संपले, माणसे पांगली. मागे राहिल्या त्या खाणीकडे जाणाऱ्या अवघड वाटा, खोल दऱ्या आणि कावाराऊ नदीवर १८८० साली बांधलेला झुलता पूल. पुढे शंभर वर्षांनी हेच निरुपयोगी सामान या शहराचे भांडवल ठरले. १९४७ साली जवळच्या कोरोनेट पीक डोंगरावर बर्फावरील घसरगुंडीचा, म्हणजे स्कीइंगचा, पहिला व्यापारी तळ सुरू झाला. १९५० च्या दशकात बिल हॅमिल्टन या शेतकरी यंत्रज्ञाने पंख्याऐवजी पाण्याच्या झोतावर चालणारी बोट तयार केली. त्याला आपल्या भागातील उथळ नद्यांतून प्रवास करायचा होता, एवढाच हेतू होता. वीतभर पाण्यातूनही सुसाट जाणारी तीच बोट आज शॉटओव्हरच्या कड्यांना जवळजवळ घासत प्रवाशांना फिरवते, आणि ही कंपनी नाय ताहू या माओरी जमातीच्या मालकीची आहे. ज्यांची मूळ भूमी त्यांच्याच हाती धंद्याची मालकी, हे आमच्या मते नोंद घेण्याजोगे आहे.

आता त्या उडीविषयी. बंजी नावाचा हा प्रकार मुळात वानुआतू देशातील पेंटेकोस्ट बेटावरील लोकांचा. ते पायाला वेली बांधून लाकडी मनोऱ्यावरून उडी घेतात. १९७९ साली इंग्लंडमध्ये काही हौशी तरुणांनी रबराच्या दोरीने हा प्रयोग केला. त्याचा धंदा केला तो ए. जे. हॅकेट आणि हेन्री व्हॅन ऐश या दोघांनी. हॅकेट याने १९८७ साली पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावरून उडी मारून जगभर नाव कमावले, आणि १९८८ च्या नोव्हेंबरात या दोघांनी कावाराऊच्या त्याच जुन्या पुलावर दुकान मांडले. पहिल्या दिवशी २८ गिऱ्हाइकांनी प्रत्येकी ७५ डॉलर भरून ४३ मीटर उंचीवरून उड्या घेतल्या.

गिऱ्हाईक येथे भीती विकत घेतो असे म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. भीती फुकटही मिळते, कोणत्याही कड्याच्या टोकावर उभे राहावे. गिऱ्हाईक पैसे देतो ते आपण जिवंत वर येऊ या भरवशाचे. आणि हा भरवसा कारागिराच्या हातातून तयार होतो. बंजीची दोरी म्हणजे साधा दोर नव्हे. लॅटेक्स रबराचे असंख्य बारीक धागे एकत्र आणून ती हाताने बांधली जाते. हलक्या माणसासाठी वेगळी, जड माणसासाठी वेगळी. म्हणून उडीपूर्वी प्रत्येकाचे वजन करून आकडा त्याच्या हातावर शाईने लिहितात, म्हणजे दोरी निवडताना चूक होऊ नये. प्रत्येक दोरीच्या उड्या मोजल्या जातात आणि ठरलेला आकडा झाला की दोरी वरून धडधाकट दिसत असली तरी बाद करतात. 'अजून चार दिवस चालेल' हा आपल्या बाजारातील लाडका शब्द तेथे कोणी उच्चारत नाही.

अंगाला बांधण्याच्या पट्ट्यांचेही तसेच. आपल्याकडे पलंगाला निवार विणतात तीच जात, पण धागा नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा. गिर्यारोहणाच्या पट्ट्यांसाठी ईएन १२२७७ हे युरोपीय मानक आहे. भार घेणाऱ्या जागी दाट आडवे टाके घालतात आणि दोऱ्याचा रंग मुद्दाम पट्टीहून वेगळा ठेवतात, कारण टाका झिजला की तो लगेच नजरेत भरावा. उन्हाने असा धागा कमजोर होतो. म्हणून न वापरलेली पट्टीसुद्धा बनवल्यापासून साधारण दहा वर्षांनी काढून टाकावी असे बहुतेक कारखानदार सांगतात. बॅगा व तंबू शिवणाऱ्या आमच्या बांधवांनी हे ध्यानात घ्यावे. तंबू, पाण्यापासून बचावाच्या पिशव्या, बुटांची दुरुस्ती, झेंडे, आच्छादने ही कामे त्यांनी बेधडक घ्यावीत. पण ज्या शिलाईवर माणूस लटकणार आहे, ती मानकाची चाचणी व प्रमाणपत्र नसताना कोणी कितीही आग्रह केला तरी शिवू नये. पन्नास रुपये जास्त मिळतात म्हणून कोणाच्या जिवाची अमानत पत्करणे हा सौदा नव्हे.

हा भरवसा क्वीन्सटाऊनला आयता मिळालेला नाही. २००८ साली याच कावाराऊ नदीत फळीवर पालथे पडून प्रवाहात वाहत जाण्याच्या खेळात एका ब्रिटिश तरुणीचा मृत्यू झाला. तिच्या कुटुंबीयांनी प्रश्न लावून धरला, सरकारला साऱ्या साहसी धंद्याची तपासणी करावी लागली आणि २०११ मध्ये नियम झाले. त्यानुसार अशा प्रत्येक चालकाने बाहेरच्या तपासनिसाकडून सुरक्षेची तपासणी करून घेणे व सरकारी नोंदवहीत नाव लावणे सक्तीचे झाले. २०१९ च्या डिसेंबरात उत्तर बेटाजवळील फकारी ज्वालामुखीचा स्फोट होऊन २२ जण दगावले, त्यानंतर हे नियम आणखी कडक झाले. २०२४ पासून नैसर्गिक धोक्यांची माहिती गिऱ्हाइकाला देणेही चालकावर बंधनकारक आहे. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून अपघातग्रस्तांच्या उपचारासाठी सरकारी व्यवस्था आहे आणि तिचा फायदा परदेशी पाहुण्यालाही मिळतो. मात्र जखमी माणसाला मायदेशी आणण्याचा खर्च त्यात येत नाही, म्हणून आपल्याकडून जाणाऱ्याने प्रवास विमा काढलाच पाहिजे.

उडी काही सेकंदांत संपते. त्यानंतर माणसाला भूक लागते, आणि शहराच्या बाजाराचा मोठा भाग येथून सुरू होतो. गावातील फर्गबर्गर या दुकानापुढची रांग जगप्रसिद्ध आहे. काऊ लेन नावाच्या बोळातील एका लहानशा जागेतून हे दुकान सुरू झाले. मेंढीचे मांस, हरणाचे मांस, निळा कॉड मासा, हिरव्या कडांची शिनाणी, ब्लफ गावाकडची कालवे, मानुका मध, आणि उन्हाळ्यात शेजारच्या क्रॉमवेल भागातील चेरी व जर्दाळू, अशी ही शिदोरी आहे. उन्हाळा म्हणजे तेथील डिसेंबर-जानेवारी. तेव्हा मगरिबची वेळ रात्री नऊ वाजून गेल्यावर होते, हेही जाणाऱ्याने जमेस धरावे.

मुसलमान प्रवाशाने काय खावे? येथे मोठी गंमत आहे. न्यूझीलंड हा हलाल मांसाचा जगातील बडा निर्यातदार देश. तेथे कारखान्यांत कापल्या जाणाऱ्या बहुसंख्य मेंढ्या हलाल पद्धतीने कापल्या जातात, कारण माल मुस्लिम देशांनाही जातो. १९७९ साली स्थापन झालेली तेथील इस्लामी संघटनांची महासंघटना प्रमाणपत्र देते. जनावराला आधी विजेचा हलका धक्का देतात. त्याने जनावर मरत नाही, नुसते बेशुद्ध होते. धक्क्याच्या या पद्धतीविषयी आपल्याकडील काही उलेमांचे मत वेगळे आहे, तेव्हा ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे.

पण कारखान्यातून हलाल निघालेले मांस ताटात येईपर्यंत हलाल राहतेच असे नाही. ज्या तव्यावर बेकन भाजले त्याच तव्यावर बर्गरची टिक्की, तीच सुरी, तोच झारा. कॉड मासा तळताना पिठात बिअर घालण्याची तेथे सर्रास पद्धत आहे. शिनाणी पांढऱ्या दारूत वाफवतात. पायच्या पिठात कधी प्राण्याची चरबी असते. मासाच तर आहे म्हणून निर्धास्त बसणाऱ्याची येथे फसगत होते. शिनाणी व कालवे यांचा प्रश्न निराळा. कोकणातील आमचे शाफई बांधव घरी तिसऱ्या खातात तशी ती दारूविना शिजवून खातील, हनफी बांधव टाळतील. गावात हलालची पाटी लावणारी कबाबची व भारतीय जेवणाची दुकाने आहेत. तेथेही पाटी पाहून न थांबता मांस कोणाकडून येते आणि प्रमाणपत्र कोणाचे, हे विचारावे. प्रामाणिक दुकानदार कागद आनंदाने दाखवतो. उडी मारणारा जसा चालकाचे नाव नोंदवहीत आहे का ते पाहतो, तसाच हा प्रश्न आहे.

२००० सालच्या 'कहो ना प्यार है' या चित्रपटाचे चित्रीकरण न्यूझीलंडमध्ये झाले, तेव्हापासून आपल्याकडेही या देशाचे नाव घरोघर पोचले. पण तिकीट काढून तेथे जाणारे आपल्यात थोडेच. बाजार मात्र दाराशी आला आहे. कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्टिंग चालते, कामशेतला पॅराग्लायडिंग, मालवणला स्कूबा. तारकर्ली येथे पर्यटन विकास महामंडळाची पाण्याखाली पोहण्याचे शिक्षण देणारी संस्था आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्याप्रमाणे चालकाने पर्यटन संचालनालयाकडे आधी तात्पुरती व मग अंतिम नोंदणी करावयाची आहे, आणि प्रशिक्षित माणसे, प्रथमोपचार व विमा यांची सोय ठेवावयाची आहे. बोटीचा किंवा दोरखंडाचा धंदा करू इच्छिणाऱ्या तरुणाने पैसा गुंतवण्यापूर्वी ही नियमावली वाचावी. भागीदारीत उतरणाऱ्याने तर नोंदणीचा कागद हाती घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

ज्यांना एवढी जोखीम नको त्यांच्यासाठी चूल आहेच. कुंडलिकेतील राफ्टिंग भिऱ्याच्या वीज प्रकल्पातून सुटणाऱ्या पाण्यावर अवलंबून असते आणि हे पाणी सकाळी सोडले जाते. म्हणजे दुपारच्या सुमारास ओले, दमलेले, भुकेलेले पाहुणे एकदम नदीबाहेर येतात. तांदळाची भाकरी, सुरमईचे कालवण, कोंबडीचा रस्सा आणि सांदण त्यांना तयार हवे असते, तासाभराने नव्हे. कामशेतची हवा आणि मालवणचा समुद्र पावसाळ्यात बंद, कोलाडची नदी मात्र तेव्हाही वाहती, हा हिशेब मांडूनच जागेचे भाडे ठरवावे.